दारातलं स्टूल

माझं शिक्षण जेमतेम. सही येते, पेपर वाचता येतो आणि एकदा नाही म्हटलं की नाही, एवढं येतं. अंबरनाथला आनंदनगरात एका कारखान्याच्या गेटवर मी वॉचमन होतो, कायम रात्रपाळी. पास नसला तर मालकाच्या मेहुण्यालाही आत सोडलं नाही. त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण नोकरी टिकली.

कुळगावात आमची बैठी चाळ. शेजारी नवरा-बायको आणि त्यांची एकच मुलगी, नववीत शिकणारी. नव्वद सालानंतरची गोष्ट. पोरीच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायचं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तर रक्ताचा कॅन्सर निघाला. बाप उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडदुकानात कामाला, त्याला रोज सुट्टी कोण देणार. इस्पितळाच्या फेऱ्या आईच मारायची.

एकदा ती तिकडून आली आणि माझ्या उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "भाऊ, डॉक्टर म्हणतात, औषधानं आजार मरतो तशी अंगातली ताकदही मरते. आता साध्या सर्दीनंसुद्धा पोर जाईल. घरात माणसं येऊ देऊ नका. पण मी लोकांना येऊ नका म्हणून कसं सांगू?"

खरं होतं तिचं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर वैर धरलं म्हणतात. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, पलंगावर बसायचं, गालावरून हात फिरवून बोटं मोडायची आणि आपल्या ओळखीत याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगायचं. ही रीत आहे. रीत मोडायला तोंड लागतं, आणि तिच्याकडे ते नव्हतं.

"मी सांगतो," म्हटलं.

घरातलं स्टूल उचललं आणि त्यांच्या दारात टाकलं. सकाळी ड्युटीवरून यायचं, चहा घ्यायचा आणि तिथे बसायचं. झोपही तिथेच, भिंतीला टेकून. बायको म्हणाली, "रात्रभर गेट सांभाळून पोट भरत नाही वाटतं."

चाळीतल्या बायका चिडल्या. "पोर काय तुमच्या मालकीची आहे?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. म्हणून तर सांभाळून ठेवतोय." बापाचा शेठ स्कूटरवरून सफरचंदं घेऊन आला. "अरे भाई, ये कंपनी का गेट है क्या? पास बनवाऊँ?" मी म्हटलं, "बनवा. सही डॉक्टरची आणा." तो हसला, पिशवी ठेवून गेला. बाकीचे हसले नाहीत.

पोरगी आतून सगळं ऐकायची. केस गेले होते, डोक्याला बापाचा मफलर गुंडाळलेला. दुपारी आवाज यायचा, "काका, आज कोणाला हाकललं?" मी नावं सांगायचो. मग ती एकेकीची नक्कल करायची. आवाज बारीक झालेला, पण नक्कल पक्की.

मग तिचा मामा आला. बारवी धरणाच्या बाजूला डोंगरातल्या पाड्यावर राहणारा. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, काखेत काळा कोंबडा. वाटेभर खोकत आलेला.

"बाजूला व्हा. मी मामा हाय."

"असाल. खोकताय."

"शेकोटीचा धूर लागलाय."

"तरी नाही."

भाचीच्या दारात मामाला अडवणारा माणूस त्यानं तोवर पाहिला नसावा. पोरीची आई ओल्या हातांनी बाहेर आली. "भाऊ, सोडा ना. मला एकच भाऊ आहे." मी म्हटलं, "तू सांग, आत्ता स्टूल उचलतो. मग पुढचं तुझं तू बघ." ती पदराला हात पुसत आत गेली. बोलणं कडक होतं, पण मऊ बोलून मामा थांबला नसता.

तो समोरच्या शेवग्याखाली बसला. पोरगी खिडकीशी आली. मामानं लांबूनच कोंबडा दाखवला, शेळी व्याली ते सांगितलं. उन्हं कलली तसा उठला, तांदळाची पिशवी माझ्या स्टुलावर ठेवली. "घ्या, गेटावरचे साहेब." पुन्हा आला नाही.

दार राखूनही मध्ये एकदा पोरीला ताप चढलाच. भरती करावं लागलं. ती घरी येईपर्यंत तिच्या आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी रिकाम्या घराच्या दारात बसून राहिलो.

पोर वाचली. एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता माणसांत मिसळू द्या, शाळेत पाठवा. मी स्टूल घरी नेलं. आईनं घर सारवलं, सतरंजी टाकली, पोहे भिजवले.

कोणी आलं नाही. काहींच्या मनात राग होता, काहींना भीती, बाकीच्यांना न येण्याची सवय लागलेली. पोरगी जिथे माझं स्टूल असायचं तिथे पायरीवर बसून राहायची. डोक्यावर मऊ बारीक केस आलेले. म्हणाली, "काका, आता कोणाला हाकलायचं?"

कुणाच्या दारी काही मागायला जायची मला सवय नाही. तरी गेलो, घरोघर. "पोर बरी आहे. या." एकीनं विचारलंच, "पास लागेल का?" म्हटलं, "नाही लागणार."

मग एसटीनं बारवीकडे आणि पुढे पायी पाड्यावर. मामा ओटीवर बांबू तासत बसला होता. मी पायरीवर पाय ठेवला.

"थांबा. खोकता का तुमी?"

"नाही."

"तरी थांबा."

मी अंगणात उन्हात बसलो. तो बांबू तासत राहिला. चुकलो असं मी म्हटलं नाही, कारण चुकलो नव्हतो. आजही तेच म्हणेन. बऱ्याच वेळानं त्यानं स्वतः तांब्या आणून समोर ठेवला.

"कशाला आलात?"

"पोरगी दारात बसते. कोणी येत नाही."

त्याचा हात थांबला. "तिनं बोलावलंय?"

"नाही. मी बोलावतोय."

तो आत गेला आणि सदरा घालून आला. एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. चाळीत शिरलो तेव्हा पोरगी पायरीवरच होती. मामाला बघून उठली. तो मात्र दाराशी येऊन थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

दारात मी नव्हतोच. तरी बाजूला झालो.