पाटलांचं स्टुका

दोन-तीन माणसं रोज संध्याकाळी एका टेबलाभोवती प्लास्टिकचं विमान चिकटवत बसली, की विमान सावकाश होतं, किस्से मात्र भराभर होतात. एकोणनव्वद साली धुळ्यात आमचं तसंच झालं. बँकेतले पाटील, ट्रक रंगवणारे रफिकभाई आणि मी.

पाटलांच्या मेव्हण्याने दुबईहून किटचा खोका आणला होता. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन स्टुका, बॉम्ब टाकायला सरळ खाली झेपावणारं. पाटलांना ते वडिलांसाठी करायचं होतं. नाना फौजेत लॉरी ड्रायव्हर होते आणि आफ्रिकेच्या वाळवंटात ही विमानं त्यांच्या ताफ्यावर आली होती. घरात एवढंच माहीत. पुढचं नाना कधी बोलले नाहीत. विमान बघून तरी बोलतील, अशी पाटलांना आशा होती.

* * *

मे महिना. आधीच्या एका मॉडेलचे पंख गच्चीवर उन्हाने वाकले होते, ते पाटीलवहिनींनीच गरम पाण्यात बुडवून सरळ करून दिले होते. आता स्टुकाचे पंख आम्ही खिडकीत वाळत ठेवले. वहिनींना वाटलं, पुन्हा वाकले! दुपारी पातेल्यात पाणी तापवून त्यांनी ते पट्टीसारखे सरळ केले.

स्टुकाचे पंख मुळातच वाकडे असतात, हे सांगायची हिंमत पाटलांना दोन दिवस झाली नाही. शेवटी सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "मग आणा इकडे, वाकवून देते."

* * *

एकदा वैमानिक हरवला. बोटाच्या पेराएवढा. पाटलांनी दोन दिवस घरात केरसुणी फिरू दिली नाही. तिसऱ्या दिवशी बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेले एक आबा काउंटरवरून वाकून म्हणाले, "साहेब, तुमच्या कोपराला माणूस चिकटलाय."

* * *

रंगाचं काम रफिकभाईंचं. खोक्यातल्या सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, रंग चमकता कामा नये. रफिकभाईंना ते अजिबात पटेना. आपल्या हातून निघालेली गाडी अशी मळकी दिसली तर उद्या कोण ट्रक आणेल, असं त्यांचं म्हणणं. कसंबसं ऐकलं, पण शेपटीखाली बारीकसं गुलाबाचं फूल काढलंच. पाटलांनी ते पुसलं नाही, हे मला फार आवडलं.

* * *

विमान झालं. रविवारी सकाळी ओसरीवर नानांच्या हातात दिलं. त्यांनी वरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. पाटलांचा चेहरा उतरला. दोन महिन्यांची मेहनत, मलाही वाईट वाटलं.

मग नानांनी विमान परत पाटलांकडे दिलं, धोतर सावरलं आणि फरशीवर उताणे झोपले.

"वर धर," म्हणाले. "मी ते खालथूनच देखेल शे."

पाटलांनी विमान त्यांच्यावर धरलं. नाना अजून खाली, अजून खाली म्हणत राहिले. वीतभर अंतर उरलं तेव्हा थांबवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"हाईच शे."

हेच ते! आम्ही खूश. पाटील घाईघाईने विचारू लागले, किती होती, कुठून आली, तुम्ही काय केलंत. नानांनी पाटलांचं मनगट धरून त्यांना खाली ओढलं.

"पोऱ्या, उभा नको राहू. आडा पड."

विमान रफिकभाईंनी कसंबसं झेललं. पंचेचाळीस वर्षांचे पाटील इस्त्रीच्या कपड्यांनिशी बापाशेजारी आडवे झाले, आणि नानांनी त्यांच्या डोक्यावर आपला हात आडवा धरला.