भाता नसलेली पेटी

माझा डावा हात अडाणी आहे. एसटीच्या दांडीला लोंबकळणं, डास मारणं, पिशवी धरणं एवढं त्याला जमतं. पण संगीतात त्याला ओ की ठो कळत नाही. घोडेगावच्या भजनी मंडळात मी सोळा वर्षं पेटी वाजवली, त्यात सूर काढले ते उजव्या हाताने. डाव्याने सोळा वर्षं नुसता भाता हलवून पेटीत हवा भरली. यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण सगळ्या पेटीवाल्यांचं असंच असतं. अडचण आली ती धोंड्याच्या महिन्यात.

हा अधिक महिना दर तीन वर्षांनी येतो आणि त्यात सासरे जावयाला वाण देतात. त्या वर्षी नेमकी माझ्या पेटीच्या भात्यात उंदरीण बाळंत झाली होती. (आठ पिल्लं. बायकोने मोजली.) भात्याला भोकं पडून पेटीला दमा लागला. अशात आण्याहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, सासऱ्यांचा निरोप आला, "जावयाला वाण काय पाहिजे?" तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, मला न विचारताच उलट निरोप धाडला, "पेटी."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सुमन आबा म्हणते. मामा स्वतः पुण्याला गेले आणि दोन हात लांबीचा खोका मांडीवर घेऊन एसटीने घोडेगावात उतरले. खोक्याचा आकार पाहूनच मला शंका आली.

"मामा, ही पेटी?"

"पेटीच हाय, पर नवी," मामा म्हणाले. "दुकानदार म्हनला, जुन्या पेटीत आवाज एक, ह्याच्यात शंभर. मंग मी म्हनलं, जावयाला एकच आवाज कशापायी द्यायचा?"

खोक्यातून काळा कुळकुळीत कीबोर्ड निघाला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पेटीसारख्याच, पण वर बटणं इतकी की विमान उडवायला पुरावीत. मी तो पुढून पाहिला, मागून पाहिला. मागे वायरीचं एक भोक सोडलं तर काही नव्हतं.

"मामा, याला भाता नाही."

"लागतच न्हाई. लायटीवर चालतीया. तुमच्या डाव्या हाताला आता पेन्शन."

आणि मग चहाची बशी खाली ठेवत मामांनी खरी बातमी सांगितली. येत्या एकादशीला आण्यात मारुतीच्या देवळात भजन होतं आणि तिथे जावयबापू नवी पेटी वाजवणार असं मामा अख्ख्या गावाला सांगून आले होते.

मामा गेल्यावर सुमन माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. ती म्हणाली, "अवो, आपलं लगीन ठरलं तवा समद्या चुलत्यांनी नाय म्हनलं व्हतं. ट्रॅक्टरवाल्याचं स्थळ आलं व्हतं मला. एकले आबा म्हनले, कारकून असला तरी मानूस सुरातला हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल. अकरा वर्सं चुलते इचारत्यात, काय करतोय तुझा सुरातला? आता आबांची मान खाली जाऊ देऊ नका म्हंजी झालं."

एवढ्या वर्षांत कुणी माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं होतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मामांसाठी मी मनापासून वाजवायचं ठरवलं.

लगेच वायर लावली, मांडी घातली, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली. डावा हात सवयीने पलीकडे गेला, भाता शोधू लागला, भिंतीला धडकला आणि परत आला. तो परत आलेला पाहून उजवा हातही थांबला. हवा नाही तर सूर कुठला, अशी त्याची पक्की समजूत! मी त्याला नाना परीने समजावलं, पण बोटं पट्टीवर ठेवायची आणि जागच्या जागी गोठायची.

"डावा हात खिशात घाला," सुमन म्हणाली.

घातला. त्याने खिशातच भाता मारायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला लेंग्याचा खिसा उसवून हातात आला. मग मी हात मांडीखाली दाबून बसलो, तर हात गप्प राहिला, पण कंबरेपासून वरचा सगळा देह मागेपुढे व्हायला लागला. शेजारच्या काकू दारातून बघून गेल्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी सुमनची सहनशक्ती संपली. आमची आठ महिन्यांची पोरगी झोळीत रडत होती आणि भाकरी तव्यावर होती. "रिकामाच हाय ना तो हात?" सुमन ओरडली. "मंग पोरीला झोका तरी द्या!"

मी झोळीची दोरी डाव्या हातात घेतली. ओढ, सोड. ओढ, सोड. आणि काय सांगू, उजवा हात धो धो वाहायला लागला. तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं भजन एका दमात बाहेर आलं. पोरगी झोपली आणि भाकरी करपली.

त्यानंतर आठ दिवस माझा रियाज झोळीवर चालला. पखवाजवाला बबन साथीला आला. तो आमच्याच मंडळातला, स्पष्टवक्ता माणूस. दोन ओळी ऐकून त्याने पखवाजावरचे हात उचलले.

"भाऊ, ही लय अंगाईची झाली."

"मग जोरात ओढू का?"

"जोरात वढलं तर पोरगी भाईर पडंल. ऱ्हाऊ द्या. मी हळूच थाप मारतो, तिला जाग यायला नको."

पण खरा पेच पुढेच होता. आण्याच्या देवळात झोळी कुठून आणायची? सुमनला तो पेच वाटलाच नाही. झोळी म्हणजे एक लुगडं आणि एक दोरी, देवळाला तुळई असणारच. मी म्हटलं, निदान पोरीच्या जागी दुसरं काही ठेवू. बाजरीचं गाठोडं ठेवून पाहिलं. बाजरी लयीत झुलत नाही, मधेच गिरकी घेते. उखळ ठेवलं, तर दोरीच तुटली आणि फरशीला तडा गेला. शेवटी साथीदार म्हणून पोरीला न्यायचं ठरलं.

एकादशीच्या दिवशी आम्ही निघालो. मी, कीबोर्ड, सुमन, पोरगी, झोळी, बबन आणि पखवाज. आळेफाट्याला गाडी बदलली, घाट चढून आण्यात उतरलो तर मामा स्टँडवर हजर. डोक्याला नवा कोरा गुलाबी फेटा, शेमला पाठीवर पार कंबरेपर्यंत. वाटेत जो भेटेल त्याला मामा थांबवत होते. "हे आमचं जावई. नवी पेटी वाजवत्यात. शंभर आवाज हायेत तिच्यात."

मामांना झोळीचं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. "पोरगी यांच्या हाताशिवाय झोपत नाय," असं सुमनने देवळात जमलेल्या बायांना सांगितलं आणि माझ्या डाव्या अंगाला, जरा पुढे, तुळईला झोळी बांधून टाकली. बायांना माझं भारी कौतुक वाटलं. पुरुषांच्या बाजूला मात्र मामांचे तिघे भाऊ एका रांगेत बसले होते आणि त्यातला थोरला मिशीत हसत होता.

देऊळ गच्च भरलं. मी दोरी धरली, पोरीने डोळे मिटले, बबनने हळूच थाप दिली. आणि खरं सांगतो, पहिला अभंग असा रंगला की थोरल्या चुलत्यांचं हसू बंद झालं. दुसऱ्याला ते मान हलवायला लागले. मामा पुढेच बसले होते, त्यांचा चेहरा सुखाने फुलला होता. मला वाटलं, जिंकली. आता फक्त शेवटचा अभंग.

तो सुरू केला आणि पहिल्याच ओळीला मामा उठले. त्यांना जावयाची दया आली! एवढा मोठा वाजवणारा, आणि त्याला पोर सांभाळावं लागतं, तेही सासुरवाडीत. मामा झोळीजवळ येऊन माझ्याकडे पाठ करून बसले आणि मायेने माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

"तुमी निवांत वाजवा, जावयबापू. नातीला मी बघतो."

उजवा हात जागीच थांबला.

सगळ्यांनी एकदम वरच्या बल्बकडे पाहिलं. बल्ब जळत होता.

"लाइट तर हाय," कुणीतरी म्हणालं.

"वायर बघा रं," मामा झोका देत म्हणाले.

गावातला वायरमन पुढे आला. त्याने पिन काढली, घातली, कीबोर्डला दोन चापट्या मारल्या आणि दिसेल ते बटण दाबलं. त्यातलं एक लागलं. मारुतीसमोर, एकादशीच्या दिवशी, आपोआप ढिंगच्याक ढिंगच्याक सुरू झालं. एक आजोबा टाळ वाजवत होते, ते त्याच तालावर वाजवायला लागले. थोरले चुलते पुन्हा मिशीत हसले आणि शेजारच्याला मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "सुरातला हाय म्हनं."

मामांची मान खाली गेली. पाठमोऱ्या माणसाची मान खाली गेलेली मला दिसली. मी उजव्या हाताने ते ढिंगच्याक बंद केलं, बोटं पट्ट्यांवर ठेवली, डोळे गच्च मिटले आणि डाव्या हाताला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, काहीही धर, पण धर.

त्याने धरलं. मऊ, लांब, ओढायला सोयीचं काहीतरी. ओढ, सोड. उजवा हात सुटला! अभंग दुप्पट जोराने उभा राहिला. बबनने थाप मारली, टाळ लागले, देऊळ दणाणलं. दोन ओळी झाल्यावर मी डोळे उघडले, तर माझ्या हातात मामांच्या फेट्याचा शेमला होता.

मी ओढला की मामांची मान मागे यायची, सोडला की पुढे जायची. सोडून द्यावा तर वाजवणं थांबणार, ओढत राहावं तर सासऱ्यांचा फेटा भर देवळात सुटणार. मी घाबरून हात सैल केला, तेवढ्यात उजवा हात अडखळला. मामांनी किंचित मागे पाहिलं. एकदा माझ्या डाव्या हाताकडे, एकदा उजव्या. पाच कच्च्याबच्च्यांना आणि आडदांड बैलांना वळण लावलेला माणूस तो, त्यांना सगळं कळलं. तोंड पुढे करून ते हळूच म्हणाले, "वढा."

मी ओढला. मामा एका हाताने नातीला झोका देत होते आणि मान माझ्या स्वाधीन करून बसले होते. समोरच्या लोकांना एवढंच दिसत होतं की म्हातारा तल्लीन होऊन डोलतोय. तो डोलतो म्हणून पुढची रांग डोलायला लागली, मग बाया डोलायला लागल्या, मग तिघे चुलतेही. प्रत्येक कडव्याला फेट्याचा एक वेढा सुटून माझ्याकडे येत होता. अभंग संपला तेव्हा मामांच्या डोक्यावर काही उरलं नव्हतं आणि माझ्या मांडीवर गुलाबी ढीग होता.

आता काय होणार, म्हणून मी श्वास रोखला. सरपंच उठून उभे राहिले. त्यांनी मामांचं उघडं डोकं पाहिलं, माझ्या मांडीवरचा फेटा पाहिला आणि हात जोडले.

"मंडळी," ते म्हणाले, "आज लई मोठी गोष्ट बघितली आपन. जावयाच्या कलेवर खूश होऊन सासऱ्यानं डोक्यावरचा फेटा उतरून दिला. असा मान आपल्या गावात कुनी कुनाला दिला न्हवता."

टाळ्या थांबेनात. थोरल्या चुलत्यांनी डोळे पुसले, मामांना मिठी मारली आणि म्हणाले, "तू म्हनत व्हता ते खरं व्हतं." मामांना होकाराची मान हलवता आली नाही, कारण ती अवघडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्टँडवर सोडायला आले, साधी टोपी घालून. गाडी लागल्यावर मी घडी केलेला फेटा त्यांच्यापुढे धरला. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या तुमालाच," मामा म्हणाले. "गावानं मान दिलाय, माघारी कसा घ्यायचा? चूक माझीच हाय. पोरगी द्यायच्या आधी समदी चौकशी केली व्हती मी. नोकरी बघितली, सोभाव बघितला, पेटी ऐकली. डावा हात तेवढा बघायचा ऱ्हायला."

गाडी हलली. मी खिडकीत डाव्या बाजूला बसलो होतो. निरोप द्यायला म्हणून डावा हात बाहेर काढला, तशी मामांनी आधी दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली, दोन पावलं मागे सरकले, आणि मगच हसले.