अपघाताविना दिवस

इजिप्तमधल्या झगाझीग शहराच्या वीज कंपनीत फाटकावर ‘अपघाताविना दिवस’ अशी पाटी आहे. लाइनमन शवादफी रोज सकाळी तिच्यावर खडूने नवा आकडा लिहायचा. तीनशे साठाव्या दिवशी खांबावर त्याचाच उजवा हात भाजला.

मॅनेजर रिफअतसाहेब संत्री घेऊन दवाखान्यात आले. “घरी चहा सांडला म्हण. वर्ष भरायला पाच दिवस राहिलेत. सगळ्यांचा बोनस बुडवू नकोस.”

त्याच्याबरोबर काम करणारे आम्ही चौघे खाटेशी खाली माना घालून उभे होतो. संत्री आम्हीच खाल्ली.

शवादफीला घरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीत येऊन तो पाटीसमोर येरझारा घालत राहिला.

“लिही ना एकदाचं,” मी वैतागलो.

डाव्या हातातला खडू त्याने माझ्यापुढे धरला. “तू लिही. तुझा हात धड आहे.”

मी लिहिलं, तीनशे एकसष्ट.