नागसेनची न भाजलेली वीट

माठाखालची वीट वर्षभर पाण्यात राहूनही शाबूत होती, तरी दीपमालाची काळजी काही केल्या जात नव्हती. सकाळी पाणी भरताना, शाळेतून आल्यावर चप्पल काढताना, भाकरी थापता थापता, तिची नजर त्या विटेकडे जायचीच. बोटानं कोपरा दाबून बघायचा, हात पदराला पुसायचा, आणि तेवढ्यात पुन्हा मनात यायचं, एक वीट टिकली म्हणून भिंत टिकेल का? आणि भिंत टिकली, पण खालची जमीनच हलली तर?

नागसेन, तिचा एकुलता एक मुलगा, कोयनानगरच्या खालच्या अंगाला एका वाडीत मातीच्या विटांचं घर बांधत होता. नुसतं बांधत नव्हता, त्या अर्धवट घरात झोपतही होता.

कोयनेकडं जमीन हलते हे इथं पलूसमधल्या लहान पोरालाही ठाऊक. त्यात किल्लारीच्या भूकंपाला अजून तीनच वर्षं झालेली. वर्तमानपत्रातले ते ढिगाऱ्यांचे फोटो दीपमालानं वर्गातल्या मुलांपासून लपवले होते, पण स्वतःपासून लपवता आले नव्हते. तेव्हापासून मातीचं घर म्हटलं की तिला घर दिसायचंच नाही, ढिगारा दिसायचा.

"आई, तिथं मोठाले गोटे नुसत्या चिखलात बसवलेले होते आणि वर मातीचं जड धाबं," नागसेन समजावायचा. "मी वीट यंत्रात दाबून करतो. भिंतीच्या कंबरेला आणि दारांच्या वर सळईचा पट्टा घालतो. वर हलकी कौलं."

"पट्टा कंबरेला बांध नाहीतर डोक्याला बांध," ती म्हणायची. "माती ती मातीच."

हे मत तिचं एकटीचं नव्हतं, त्या सगळ्या घराचंच होतं. तिचे सासरे धोंडीबा यांची उभी हयात कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर गेली. गावातले कितीतरी इमले त्यांच्या हातच्या विटांवर उभे होते आणि ते स्वतः मात्र गावकुसाबाहेरच्या मातीच्या खोपटात राहत होते. दर पावसाळ्यात त्या खोपटाची एखादी भिंत बसायची. मुलगा एसटीत कंडक्टर झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर पक्कं घर बांधलं. प्रत्येक वीट दुसरीवर वाजवून, कान लावून निवडली. पक्क्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागली त्या दिवशी म्हातारा सगळ्या वस्तीला हाताला धरून घर दाखवत फिरला. "आगीतनं निघती ती वीट," ते सांगायचे. "बाकी समदा चिखुल."

दीपमाला सांगलीला राहून बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. पण ह्या एका बाबतीत सासऱ्याचं आणि तिचं कधी दुमत झालं नाही. मातीतून वर यायला घराला दोन पिढ्या लागल्या होत्या. आणि तिसऱ्या पिढीतला हा पोरगा शिकूनसवरून आपण होऊन परत मातीत उतरला होता.

तसा नागसेन लहानपणापासून आज्याच्या मागं मागं. धोंडीबा रात्री खोकायला लागले की पाण्याचा तांब्या घेऊन पहिला तोच उठायचा. भट्टीच्या धुरानं त्यांची छाती कायमची धरली होती. पुढं नागसेननं सांगलीला बांधकामाचा डिप्लोमा केला आणि एका ठेकेदाराकडं लागला. एकदा विटा ठरवायला म्हणून तो नेमका आज्याच्या जुन्या भट्टीवर गेला. नदीकाठची काळी माती खरवडून पुरुषभर खड्डे पडलेले, कोळशाचा ढीग, आणि उसाच्या फडावर पसरलेला धूर. घरी येऊन त्यानं विचारलं, "आबा, एका घराच्या विटा भाजायला किती कोळसा लागायचा?"

धोंडीबा खुलले. आपल्या कामाबद्दल नातू पहिल्यांदाच विचारत होता. "आरं, ट्रकभर! कमी पडला तर चिपाडं. ती बी न्हाई गावली तर जुनी टायरं बी घातली भट्टीत. पर कच्ची वीट कवा काढली न्हाई आमी."

नागसेन खुलला नाही. तो धूर आबांच्या छातीत तर बसलाच, पण तेवढ्यावर थांबत नाही, असं तो जेवताना सांगू लागला. तो वर जातो, वरच राहतो, आणि सगळी पृथ्वी गोधडीत गुंडाळल्यासारखी तापत जाते. घर बांधायचं तर आधी एवढी आग कशाला पेटवायची? त्यानं नोकरी सोडली. बंगळूरला एका संस्थेत काही महिने शिकून आला आणि येताना लांब दांड्याचं एक लोखंडी यंत्र घेऊन आला. तांबडी माती, वाळू आणि थोडंसं सिमेंट ओलसर मिसळून त्यात भरायचं, दांड्यावर भार टाकायचा, की वीट तयार. भाजायची नाही.

धोंडीबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "मला वाटलं पोरगं सून घिऊन यील. ह्यो लोखंडाची नवरी घिऊन आला!"

वस्तीत हसू झालं. नागसेनही हसला. पहिल्या विटांतली एक त्यानं आईच्या हातात दिली. "हिच्यावर माठ ठेव. वर्षात विरघळली तर मी हा उद्योग सोडला."

वर्ष झालं. वीट विरघळली नाही, आणि दीपमालाची फजिती अशी की तिला त्याचा आनंदही होईना.

दरम्यान त्याला पहिलं काम मिळालं, ज्ञानू सुभेदारांचं. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. धक्क्यांनी त्यांच्या जुन्या दगडी घराला भेगा पडलेल्या, आणि बायको शालूबाई त्या घरात झोपायला तयार नव्हती. सुभेदारांनी नागसेनची वीट हातात घेऊन दगडावर आपटली. फुटली नाही, तेव्हा म्हणाले, "बांध. पर आधी तू झोपायचं त्यात, मग आमी."

म्हणून तो तिथं झोपत होता. म्हणून इथं दीपमालाला झोप नव्हती.

कोयनानगरच्या बाजारात लालासाहेबांचं किराणा दुकान होतं, आणि दुकानात फोन. जमीन जराशी हलली अशी बातमी आली की दीपमाला पलूसच्या स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन उभी राहायची. लालासाहेबांना तिचा आवाज पाठ झाला होता. "बाई, आज आमच्याकडं हाललं न्हाई," ते म्हणायचे. "तुमच्याकडं हाललं का?" मग कुणालातरी पाठवून नागसेनला बोलावून घ्यायचे.

मागच्या खेपेला मात्र नागसेनचा आवाज बदललेला होता. "आई, हे लालासाहेब स्वतःचं घर मला बांधायला द्यायच्या विचारात आहेत. दुकानात चार माणसं बसलेली असतात. तू भिंत पडेल का म्हणून विचारतेस ते सगळी ऐकतात. माझ्या आईलाच माझ्या भिंतीचा भरवसा नाही, तर त्यांनी का ठेवावा?"

तिनं फोन ठेवला, आणि घर पुरं होईपर्यंत पुन्हा करायचा नाही असं ठरवलं. आज रविवार. उद्या सकाळी वासे चढणार होते, मग कौलं.

सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. धुतलेल्या पातेल्या पुन्हा धुतल्या. वह्या तपासायला घेतल्या आणि तशाच मिटल्या. अंगणात खाटेवर बसून धोंडीबा तिची ही ये-जा बघत होते.

"मास्तरीणबाई, बसा की जरा. पायाला भिंगरी बांधलीया का?"

"उद्या कौलं चढतात, मामा." सासऱ्याला ती मामा म्हणायची. "भिंतींनी भार घेतला नाही तर?"

"घीत न्हाईत तर काय करतील! त्या विटा मी सोता वाळवल्यात."

दीपमाला उंबऱ्यातच थांबली. "वाळवल्यात म्हणजे?"

कार्तिकात नागसेन तापानं आडवा झाला होता आणि दोन आठवडे इथं घरी पडून होता. यंत्रातून काढलेल्या ताज्या विटा तिकडं रचून ठेवलेल्या, त्यांच्या राखणीला धोंडीबा गेले होते. विटांवर पोती टाकायची आणि ती सतत भिजती ठेवायची, एवढंच काम. तापातसुद्धा नागसेन विचारत होता, "आबा पाणी मारत असतील ना?" दीपमाला कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली होती, "मारत असतील रे. एवढं काय त्यात?" तेव्हा त्यानं डोळे मिटूनच सांगितलं होतं, "भाजलेल्या विटेला आग लागते, हिला पाणी. आतलं सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. प्यायला मिळालं नाही तर नुसती माती राहते."

"वाळवल्यात म्हणजे काय केलंत, मामा?"

"काय म्हंजी? वल्या विटंवर पाणी मारत्यात व्हय कुणी?" धोंडीबा रंगात आले. "उभा जलम भट्टीवर गेला माझा. कच्च्या विटंवर चार थेंब पडलं तर मुकादम आय-भैन काढायचा. ताप डोक्यात गेल्यागत बोलतंय पोरगं, म्हनलं. पोती काढली, विटा आडव्याच्या उभ्या केल्या, वारं खेळंल अशा मांडल्या. लय झ्याक वाळल्या. पोरगं यायच्या दिशी परत रचल्या, पोती टाकली, वरनं पाणी शिंपाडलं. उगंच त्याला वाटाया नगं, आज्यानं आपलं ऐकलं न्हाई."

ती हळूच उंबऱ्यावर टेकली. म्हाताऱ्याला वाटलं, सुनेला धीर आला. त्यांनी खाटेच्या पायाकडं बोट केलं. "त्यातलीच येक आणलीया. एवढा मी निजतो, हाललीया का बघ!"

दीपमालानं खाट उचलली, वीट ओढून काढली आणि न्हाणीतल्या बादलीत सोडली. कोरडी वीट बुडबुडे सोडत राहिली. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दुपार कलली तेव्हा बादलीतलं पाणी तांबूस झालं होतं. तिनं वीट बाहेर काढली. नखानं ओढलं तर चर पडला. अंगठ्यानं कोपरा दाबला तर तो ओल्या गुळासारखा तुटून हातात आला.

ती उठून माठापाशी गेली आणि तोच अंगठा तिथल्या विटेवर दाबला. अंगठाच दुखला.

त्याच क्षणी तिच्या मनात जे आलं त्याची तिला नंतर शरम वाटली. तिला बरं वाटलं. आता सांगता येईल. बघ, माती ती मातीच. ये घरी, सांगलीत नोकरी धर. महिनोन्‌महिने जे तोंडानं पटवता आलं नव्हतं ते तिच्या तळहातावर लगदा होऊन पडलं होतं.

पण दुसऱ्या हाताखाली माठाची वीट होती. तीही मातीच होती.

मग तिला आठवलं. आजारपणातल्या विटा कुठं लावल्या ते नागसेननंच मागं सांगितलं होतं. मागच्या भिंतीला, वरच्या थरांना. वासे तिथंच टेकणार होते. आणि पावसाचा मारा त्याच अंगानं. सळईचे दोन्ही पट्टे त्या विटांच्या खाली होते, वर त्यांना धरायला काहीच नव्हतं.

धोंडीबा दारात येऊन उभे होते. तिच्या हातातला लगदा त्यांनी पाहिला. वीट ओळखायला त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. ते वाकले, चिमूट घेतली, बोटांत चुरली.

"कच्ची हाय," ते म्हणाले. चुरा परत तिच्या तळहातावर ठेवला. "म्हंजी माझ्या हातनं कच्ची वीट गेली."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मामा."

"पोरानं सांगितलं हुतं की. म्या ऐकलं न्हाई." त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत ती पाठीवरून हात फिरवत राहिली. "दीपा, पोराला सांगू नगंस. आज्यानं भिंत पाडली म्हणंल."

"अजून पडली नाही, म्हणून तर सांगायचं."

निरोप धाडावा का? नवरा उद्या दुपारच्या गाडीनं कराडला जाणार होता, तिथून कुणाच्या तरी हाती चिठ्ठी. पण तोवर वासे चढलेले असणार. म्हणजे आजच, आणि फोनच. पलीकडं लालासाहेब असणार, आणि दुकानातली ती चार माणसं. बाई, आज आमच्याकडं हाललं न्हाई. नागसेन धावत येणार, कपाळाला आठ्या घालून. त्याला वाटणार, आईनं पुन्हा काहीतरी काढलं घर थांबवायला. इतके फोन तिनं नुसत्या धास्तीपायी केले होते, की आज खरं सांगायची वेळ आली तर ते धास्तीसारखंच ऐकू जाणार होतं.

काय बोलायचं ते तिनं चुलीपुढं उभं राहून दोनदा मनात लावून पाहिलं. दोन्ही वेळा सुरुवातीलाच भिंत आली, आणि आवाज तोच रडवेला. तिसऱ्यांदा तिनं पाण्यापासून सुरुवात केली.

तिनं हात धुतले, साडी सारखी केली. दोन्ही विटा, माठाखालची आणि बादलीतली, पिशवीत घातल्या. फोनवर त्या दिसणार नव्हत्या, तरी तिला त्या सोबत हव्या होत्या.

"मामा, टोपी घाला. स्टँडवर जाऊन यायचंय."

"मी कशाला? मला त्या डबड्यात बोलाया कवा जमलंय!"

"विटा उभ्या कशा मांडल्या, किती उन्हात ठेवल्या, हे मला सांगता येणार नाही. तो विचारेल, आणि ते तुमच्याच तोंडून ऐकायला हवं. म्हणजे त्याला कळेल, हे माझ्या मनातलं भूत नाही. किती थर उतरवायचे तेही तोच ठरवेल."

धोंडीबा खुंटीवरच्या टोपीकडं बघत राहिले. "शिव्या घालंल मला."

"घालेल. मग तुम्हालाच बोलावून घेईल, पाणी मारायला."

म्हाताऱ्यानं टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. दीपमालानं दाराला कडी लावली. रस्त्याला लागताना तिनं पहिलं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं, आणि ठरवलं की ते लालासाहेबांच्या दुकानातल्या चारही माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं.

नागसेन, तुझ्या मातीत खोट नाही. पाणी कमी पडलंय.