पूर्वपक्षाची क्लिप

"मॅडम, हा आवाज तुमचाच ना?" प्राचार्यांनी मोबाईल माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

आवाज माझाच होता. "मेल्यावर काही उरत नाही. पिंडाचा भात कावळ्याच्या पोटात जातो, बापाच्या नाही." एवढंच, पुढे क्लिप संपत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, कॉलेजात पोरांना हे शिकवतात. सकाळपासून ती मंचरच्या ग्रुपवर फिरत होती.

मी बीएच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवते. विभागात एकटीच आहे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरात चार्वाक येतो. देव, आत्मा, परलोक काहीच न मानणारा. आमच्या विषयात रीत अशी, की विरोधकाचं म्हणणं आधी त्याच्याच जोमानं मांडायचं. तो पूर्वपक्ष. मग इतरांनी त्याला दिलेली उत्तरं सांगायची. तो उत्तरपक्ष. दोन्ही मी एकाच तासाला शिकवले होते. क्लिपमध्ये फक्त पहिला होता.

हे मी प्राचार्यांना सांगितलं. ते कॉमर्सचे. म्हणाले, मला पटलं, पण गेटवर येणाऱ्यांना पूर्वपक्ष कोण समजावणार? अवसरी बुद्रुकहून काही जण दुपारी येणार होते. माफीनामा टाईप करून तयार होता.

"सही करा आणि विषय संपवा. नाहीतर मॅनेजमेंट तुमचा विषयच संपवेल."

स्टाफरूममध्ये आले तर फोन वाजत होता. नंबर अनोळखी. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "राजुरीला कुठल्या रस्त्यानं जाता, ते ठावं हाय आमाला." आणि फोन ठेवला. मी रोज राजुरीहून स्कूटीवर ये-जा करते. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, आज मुलीला शाळेतून तुम्हीच आणा. का, म्हणाले. स्कूटी पंक्चर आहे म्हटलं.

तेवढ्यात एस.वाय.ची पल्लवी दारात आली. ती अवसरीची. एसटी चुकू नये म्हणून तिला तास अर्ध्यात सोडावा लागतो. म्हणून जेवढं ऐकायला मिळतं तेवढं ती रेकॉर्ड करते. त्यातला तुकडा तिनं गैरहजर मैत्रिणीला पाठवला होता आणि तिथून तो सुटला.

"मॅडम, येणाऱ्यांत माझे चुलतेच पुढं हायेत. आजोबांचा दहावा आत्ताच झालाय. मी केलंय कळलं तर माझं कॉलेज बंद."

तिला मी लायब्ररीत बसायला सांगितलं. आता भीती दोघींची झाली होती.

आठ-दहा जण आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्च्या पुरेनात. पुढे पल्लवीचे चुलते, रामभाऊ. डोक्याचं मुंडण केलेलं, केस नुकते उगवू लागलेले. प्राचार्यांनी माफीनामा माझ्याकडे सरकवला. मी पेन उघडलंही होतं. पण त्या डोक्याकडे पाहिलं आणि वाटलं, माफीच्या या दोन ओळी या माणसासाठी नाहीत.

म्हटलं, "भाऊ, तुम्ही तास अर्धाच ऐकलात. उरलेला ऐकता का?" मागचा एक तरुण म्हणाला, काही ऐकायचं नाय. पण रामभाऊ खाली बसले, म्हणून बाकीचेही थांबले.

मी उत्तरपक्ष सांगितला. चार्वाक म्हणतो, डोळ्याला दिसतं तेवढंच खरं. त्याला विचारलं गेलं, मग धूर दिसला की तू पाणी घेऊन का धावतोस? जाळ तर अजून दिसलेला नाही. म्हणजे न दिसणारंही तू मानतोसच. मध्येच मी दोन वाक्यं विसरले. कुणी हसलं नाही.

रामभाऊ म्हणाले, "ते झालं पुस्तकातलं. बाप गेला माजा. भात पोचला का नाय, तुमाला काय वाटतं?"

प्राचार्य माझ्याकडे नको नको अशा नजरेनं पाहत होते. खोटं बोलायचंही मला धैर्य होईना.

"मला माहीत नाही, भाऊ. माझे वडील गेले तेव्हा पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. मी चार्वाक शिकवणारी बाई, पण तिथून हलले नाही."

रामभाऊ म्हणाले, "आमचा बी लई येळ शिवला नव्हता. मग काय कबूल केलंत?"

"आईला माझ्याकडे नेते म्हटलं."

"मग?"

"मग शिवला."

रामभाऊ उठले. ग्रुपवर मी सांगतो, म्हणाले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "रेकॉर्डिंग कुणी केलं पण?"

वर्गात सगळ्यांकडेच मोबाईल असतात, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि गेले.

सही न करताही विषय राहिला. पल्लवी आता टी.वाय.ला आहे. तो फोन कुणाचा होता, कधीच कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी एसटीनं जात होते, तीही पुढच्या सीटवर बसून. वर्गात मोबाईल बंदीची नोटीस लागली. ती कुणी पाळत नाही.

मी क्रम तेवढा बदलला आहे. आता उत्तरपक्ष आधी सांगते आणि पूर्वपक्ष मागून. मुलं विचारतात, प्रश्नाआधी उत्तर कसं? शास्त्राला धरून नाहीच ते. पण चार्वाकाचं नाव घेतलं आणि एखादा हात खिशाकडे गेला, की अजूनही माझ्या तोंडाला कोरड पडते.