दस्त्याचा तुकडा

नातू बॅटीला जवसाचं तेल चोळत बसला होता. त्या वासानं मी थेट बेळगावच्या कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

खानापूरकडच्या आमच्या भातात रानडुकरं घुसायची. हे रजेवर आले होते. चार दिवसांनी लढाईवर जायचे होते. पाच-सहा बंदुका हाताळून त्यांनी बोल्ट मागं ओढून भरायची एक निवडली आणि माझ्या खांद्याला लावली. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता लांब पडला, बोट चापापर्यंत पोचेना.

"हिच्या मापानं कापा," ते मिस्त्रीला म्हणाले.

"अवो, तुमाला आखूड पडंल की!" मी म्हणाले.

"तुकडा जपून ठेवा," मिस्त्री म्हणाला. "सायेब परत आले की जोडून देतो."

कापलेल्या जागी ह्यांनी स्वतः तेल चोळलं. घरी येऊन पिशवी उघडली, तर तुकडा नव्हता.

"इसरलासा व्हय?" मी चिडले.

"व्हय गं, इसरलो," म्हणून हसले.

ते परत आले नाहीत. बंदूक माझ्या खांद्याला बरोबर बसायची. तुकड्यावरून मात्र मी कितीतरी वर्षं त्यांच्यावर रागवत राहिले. पण आज वाटतं, बाजाराला जाताना ज्यांना कधी सुईदोऱ्याचीही आठवण करून द्यावी लागली नाही, ते तो तुकडा विसरतील कसे?