आजोबांच्या खुर्चीमागची भिंत

मुलांनो, दिवाळीला याल तेव्हा घर नवं दिसेल, म्हणून आधीच कळवते. रंगकाम चालू आहे. स्वयंपाकघराला चकचकीत ऑइलपेंट दिला, फोडणीचे डाग पुसता येतात. झोपायच्या खोल्यांना मॅट, डोळ्यांना शांत वाटतो. बैठकीत मात्र माझं अडलं. आजोबांच्या रिकाम्या खुर्चीमागे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे. त्यावरून मी त्यांना जन्मभर बोलले.

रंगारी म्हणाला, "आजी, मंद चमकीचा सॅटिन रंग मारू. परत डाग धरणार नाही."

पुसता येणाऱ्या भिंती सोयीच्या असतात, पण तिथे कोण बसत होतं ते सांगत नाहीत.

"एवढी भिंत राहू दे."

"अहो, लोक मला नावं ठेवतील!"

"म्हातारीचा हट्ट म्हणून सांग."

तीन भिंती रंगवून झाल्या. चौथीवर तो डाग अजून आहे.